ताऱ्यांचे तापमान सांगणारे शास्त्रज्ञ : डॉ. मेघनाद साहा

१६ फेब्रुवारी हा डॉ. मेघनाद साहा यांचा स्मृतिदिन. १९५६ साली याच दिवशी दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बाबासाहेबांचा जन्म १८९१चा, साहांचा १८९३चा. बाबासाहेब महूला जन्मले, साहा ढाक्याजवळच्या एका खेड्यात. एकाच काळात, एकाच देशात, जातीच्या भिंतीला धडका देत दोघे शिकले. बाबासाहेब अर्थशास्त्र आणि कायद्याकडे गेले, साहा भौतिकशास्त्राकडे.

आपल्या वस्त्यांमधून आज अनेक मुले-मुली अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत जातात. अणूतील इलेक्ट्रॉनची मांडणी, कवचे, एस-पी-डी-एफ ही ऑर्बिटल्स, हे सगळे परीक्षेसाठी पाठ करतात. ही मांडणी कळल्यावर हाती काय येते, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. साहांच्या आयुष्यात त्याचे उत्तर सापडते. अणूतील इलेक्ट्रॉन किती घट्ट बांधलेला आहे, एवढ्या माहितीवरून त्यांनी कोट्यवधी मैल दूर असलेल्या ताऱ्यांचे तापमान ओळखण्याची किल्ली शोधली. हे काम त्यांनी कोलकात्यात बसून, हाताशी धड प्रयोगशाळा नसताना, वयाच्या सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षी केले.

किराणा दुकानदाराचा मुलगा

शेओरातली हे साहांचे गाव ढाक्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. आज ते बांगलादेशात येते. ६ ऑक्टोबर १८९३ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील जगन्नाथ साहा यांचे छोटे किराणा दुकान होते, आईचे नाव भुवनेश्वरी देवी. आठ भावंडांत मेघनाद पाचवे. जन्माच्या वेळी वादळ आणि ढगांचा गडगडाट सुरू होता म्हणून मुलाचे नाव मेघनाथ ठेवले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांनी स्वतः ते बदलून मेघनाद केले. मेघनाद म्हणजे रावणाचा पुत्र इंद्रजित.

काही ठिकाणी साहांचा उल्लेख दलित शास्त्रज्ञ असा केला जातो. त्याबाबत नेमके बोलले पाहिजे. साहा समाज हा दुकानदारी आणि व्यापार करणारा समाज. आजच्या पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत तो नाही. पण त्या काळच्या बंगालमध्ये सवर्ण हिंदू या समाजाला खालचा मानीत, त्याच्यासोबत जेवायला बसत नसत. हा अनुभव मेघनाद यांना लहानपणापासून आला.

गावात फक्त प्राथमिक शाळा होती. ती संपल्यावर मुलाने दुकानात बसावे असे वडिलांना वाटत होते. मुलाची हुशारी शिक्षकांनी आणि थोरले भाऊ जयनाथ यांनी ओळखली. पुढची शाळा सिमुलिया गावी, सुमारे १० किलोमीटरवर. रोज जाणे-येणे शक्य नव्हते. तेथील डॉ. अनंतकुमार दास यांनी मेघनादला आपल्या घरी ठेवून घेतले, राहण्या-जेवणाचे पैसे घेतले नाहीत. जेवल्यावर आपले ताट आपण धुवायचे आणि घरची गाय सांभाळायची, एवढी अट होती. ताट स्वतः धुण्याच्या अटीमागे जातीचा नियम होता. त्या घराने मुलाला आधार दिला, पण जात काही उंबऱ्याबाहेर राहिली नाही.

शाळेच्या परीक्षेत मेघनाद ढाका जिल्ह्यात पहिले आले. सरकारची दरमहा ४ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०५ साली ते ढाक्याच्या कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाले. जयनाथ ताग गिरणीत महिना २० रुपयांवर काम करत. त्यातले ५ रुपये ते धाकट्या भावाला पाठवत. पूर्व बंग वैश्य समिती नावाच्या संस्थेकडून महिन्याला २ रुपये मिळत. एवढ्यावर त्या मुलाचे शिक्षण चालले.

त्याच सुमारास बंगालच्या फाळणीविरुद्ध आंदोलन पेटले. पूर्व बंगालचे गव्हर्नर फुलर ढाक्याला आले तेव्हा विद्यार्थ्यांनी निषेध केला. मेघनाद त्यांत होते. शाळेतून त्यांना काढून टाकण्यात आले आणि शिष्यवृत्तीही गेली. ढाक्याच्याच किशोरीलाल जुबिली स्कूलने त्यांना घेतले. १९०९ साली प्रवेश परीक्षेत पूर्व बंगालच्या सर्व विद्यार्थ्यांत ते पहिले आले.

वसतिगृहातील पंगत

१९११ साली साहा कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. वर्ग नामवंतांचा होता. सत्येंद्रनाथ बोस वर्गमित्र, तर प्रफुल्लचंद्र राय आणि जगदीशचंद्र बोस शिक्षक. १९१५ साली एम.एस्सी.ला बोस पहिले आले, साहा दुसरे.

वर्गात बरोबरी होती, वसतिगृहात नव्हती. ईडन हिंदू हॉस्टेलमधील काही सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्यासोबत एका खोलीत जेवायला हरकत घेतली. सरस्वतीपूजेच्या वेळीही त्यांना बाजूला सारण्यात आले. विद्येची देवता म्हणून जिची पूजा चालली होती, तिच्यासमोर कॉलेजच्या सर्वात हुशार विद्यार्थ्यांपैकी एकाला जागा नव्हती. वसतिगृहात, मेसमध्ये, पाण्याच्या माठापाशी असा अनुभव आलेल्या आपल्या वाचकांना याची वेगळी फोड करून सांगायला नको.

शिक्षणानंतर सरकारी वित्त सेवेची परीक्षा देण्याचा त्यांचा विचार होता. क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून सरकारने त्यांना परवानगीच दिली नाही. सायकलवरून घरोघरी शिकवण्या करून ते पोट भरत आणि धाकट्या भावाच्या शिक्षणाला हातभार लावत. १९१६ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी कोलकाता विद्यापीठाच्या नव्या विज्ञान महाविद्यालयात बोस आणि साहा या दोघांनाही अध्यापक म्हणून घेतले.

महाविद्यालय नवे होते, उपकरणे जवळजवळ नव्हती, महायुद्धामुळे युरोपातून पुस्तकेही वेळेवर येत नव्हती. नवे भौतिकशास्त्र जर्मन भाषेत होते म्हणून दोघे जर्मन शिकले. आईन्स्टाईन आणि मिंकोव्स्की यांच्या सापेक्षतेवरील निबंधांचे त्यांनी इंग्रजी भाषांतर केले, ते विद्यापीठाने १९२० साली प्रसिद्ध केले. साहांना जो विषय शिकवावा लागे तो ते आधी स्वतः शिकत. उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र हे दोन विषय त्यांच्या वाट्याला आले होते. त्यांचा पुढचा शोध या दोन विषयांच्या सांध्यावर लागला.

अणूचे घर आणि त्यातील जागा

साहांचे काम समजायला अणूची थोडी उजळणी करावी लागेल. अणूच्या मध्यभागी धन विद्युतभाराचे केंद्रक असते, त्याभोवती ऋण भाराचे इलेक्ट्रॉन असतात. १९१३ साली डेन्मार्कचे नील्स बोर यांनी मांडले की इलेक्ट्रॉनला ठरावीक ऊर्जापातळ्याच मिळतात. जिन्यावर पायरीवर उभे राहता येते, दोन पायऱ्यांच्या मध्ये नाही, तसेच हे आहे. वरच्या पातळीवर जायचे तर इलेक्ट्रॉनला नेमकी तेवढी ऊर्जा मिळावी लागते. खाली येताना तेवढीच ऊर्जा तो प्रकाशाच्या रूपाने सोडतो. प्रत्येक मूलद्रव्याच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून प्रत्येकाच्या प्रकाशातील रेषाही वेगळ्या. रस्त्यावरच्या जुन्या सोडियम दिव्यांचा पिवळा रंग हा सोडियमच्या अशाच एका उडीचा रंग आहे.

केंद्रकापासून बाहेर जाताना के, एल, एम, एन अशी कवचे येतात. त्यांत जास्तीत जास्त २, ८, १८ आणि ३२ इलेक्ट्रॉन मावतात. सोडियमचे ११ इलेक्ट्रॉन २, ८, १ असे बसतात. कॅल्शियमचे २० इलेक्ट्रॉन २, ८, ८, २ असे. ही आकड्यांची यादी पाठ केली तर ती कंटाळवाणी वाटते. पण आता इलेक्ट्रॉन बाहेर काढायला किती ऊर्जा लागते ते पाहा. ती इलेक्ट्रॉन व्होल्ट या एककात मोजतात. सोडियमच्या शेवटच्या कवचातील एकटा इलेक्ट्रॉन ५.१ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये सुटतो. दुसरा काढायचा तर ४७.३ लागतात, म्हणजे नऊपटीहून जास्त, कारण आता आतल्या भरलेल्या कवचाला हात घालावा लागतो. कॅल्शियमचा पहिला इलेक्ट्रॉन ६.१ मध्ये, दुसरा ११.९ मध्ये सुटतो, तिसऱ्याला मात्र ५०.९ लागतात. हेलियमचे दोनच इलेक्ट्रॉन, पण पहिले कवच पूर्ण भरलेले, म्हणून त्यातला एक काढायलाच २४.६ लागतात.

इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूला आयन म्हणतात आणि या क्रियेला आयनीभवन. आयनाचे इलेक्ट्रॉन कमी झाल्यामुळे त्याच्या ऊर्जापातळ्या बदलतात आणि त्याच्या प्रकाशातील रेषाही बदलतात. साधा कॅल्शियम आणि आयन झालेला कॅल्शियम यांचे वर्णपट दोन वेगळ्या मूलद्रव्यांसारखे दिसतात. साहांच्या हाती हा धागा होता.

सूर्याचे कोडे

सूर्यप्रकाश लोलकातून नेऊन बारकाईने पाहिला तर त्याच्या रंगपट्ट्यावर शेकडो काळ्या रेषा दिसतात. एकोणिसाव्या शतकात किर्खहॉफ आणि बुन्सेन यांनी दाखवले की या रेषा मूलद्रव्यांच्या खुणा आहेत. त्यावरून सूर्यात कोणती मूलद्रव्ये आहेत ते कळू लागले. पण काही गोष्टींचा मेळ बसत नव्हता.

सूर्याच्या तेजस्वी पृष्ठभागावर वर्णावरण नावाचा विरळ थर आहे. खग्रास ग्रहणाच्या वेळी तो दिसतो. या थरात हजारो किलोमीटर उंचीपर्यंत आयन झालेल्या कॅल्शियमच्या रेषा मिळत. साध्या कॅल्शियमच्या रेषा मात्र खालीच संपत. प्रयोगशाळेत आयनाच्या रेषा मिळवायला विजेची जोरदार ठिणगी लागे. मग सूर्याच्या पृष्ठभागापासून वर, जिथे उष्णता कमी व्हायला हवी, तिथे त्या ठळक कशा? दुसरे कोडे असे की रुबिडियम आणि सीझियम ही मूलद्रव्ये पृथ्वीवर आहेत, पण सूर्याच्या वर्णपटात त्यांचा पत्ता नव्हता.

१९१९ साली जर्मन शास्त्रज्ञ एगर्ट यांचा एक निबंध साहांच्या वाचनात आला. ताऱ्याच्या अंतर्भागात अणू कसे फुटत असतील याचा त्यात हिशेब होता, पण इलेक्ट्रॉन काढायला लागणाऱ्या ऊर्जेचे आकडे अंदाजाने धरले होते. बोर यांच्या सिद्धांतामुळे हे आकडे वर्णपटावरून नेमके काढता येतात, हे साहांच्या लक्षात आले.

त्यांची मूळ कल्पना साधी आहे. चुन्याच्या भट्टीत चुनखडी तापवली की चुना आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे होतात. वायू कोंडून ठेवला तर काही प्रमाणात ते परत एकत्रही येतात. किती वेगळे राहणार आणि किती एकत्र येणार, हे तापमान आणि दाब यांवर ठरते. साहांनी अणूला हाच नियम लावला. कॅल्शियमच्या अणूपासून कॅल्शियमचा आयन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात, आणि भेट झाली की पुन्हा जोडले जातात. तापमान वाढले की सुटण्याचे प्रमाण वाढते. दाब कमी असला तरीही वाढते, कारण विरळ जागेत सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत आयन भेटणे अवघड होते. किती टक्के अणू आयन झालेले असतील ते तापमान, दाब आणि त्या मूलद्रव्याची आयनीभवन ऊर्जा यांवरून काढण्याचे सूत्र त्यांनी मांडले. जगभर ते साहा समीकरण म्हणून ओळखले जाते. सौर वर्णावरणातील आयनीभवनावरचा त्यांचा निबंध ऑक्टोबर १९२० मध्ये लंडनच्या फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये छापून आला.

आता कोडी सुटली. वर्णावरणात वर जाताना दाब खूप कमी होतो, म्हणून तिथे कॅल्शियम आयनरूपातच राहतो. वर्णावरणाच्या वरच्या भागात तापमानही पुन्हा वाढते, हे पुढच्या संशोधनातून कळले. सूर्याचे चित्र साहांनी धरले त्याहून गुंतागुंतीचे निघाले, पण दाबाचा मुद्दा टिकला. रुबिडियम आणि सीझियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन फारच सैल असतो, ४.२ आणि ३.९ इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये सुटणारा. सूर्याच्या पृष्ठभागावर तापमान सुमारे ५,८०० केल्विन आहे. तिथे या मूलद्रव्यांचे जवळजवळ सगळे अणू आयन झालेले असतात आणि त्या आयनांच्या रेषा दृश्य प्रकाशात येत नाहीत. मूलद्रव्य असते, पण दिसत नाही. सौरडाग तुलनेने थंड असतात, तेव्हा तिथे शोधा, असे साहांनी सुचवले. अमेरिकेतील हेन्री नॉरिस रसेल यांना सौरडागांच्या वर्णपटात रुबिडियमच्या रेषा सापडल्या.

तारे वेगळे का दिसतात

यानंतर साहा इंग्लंडला गेले, लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात आल्फ्रेड फाउलर यांच्याकडे त्यांनी काम केले, नंतर बर्लिनला नेर्न्स्ट यांच्या प्रयोगशाळेत गेले. १९२१ साली त्यांनी आपला सिद्धांत ताऱ्यांना लावला.

हार्वर्ड वेधशाळेत ॲनी जंप कॅनन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी लाखो ताऱ्यांचे वर्णपट तपासून त्यांचे वर्ग पाडले होते. काहींत हायड्रोजनच्या रेषा ठळक, काहींत हेलियमच्या, काहींत धातूंच्या. पाहणाऱ्याला वाटावे की हे तारे वेगवेगळ्या पदार्थांचे बनलेले आहेत. साहांनी दाखवले की हा फरक मुख्यतः तापमानाचा आहे.

हायड्रोजनचेच उदाहरण घ्या. त्याच्या दृश्य प्रकाशातील काळ्या रेषा उमटण्यासाठी इलेक्ट्रॉन आधी दुसऱ्या ऊर्जापातळीवर असावा लागतो, आणि ती पहिलीपेक्षा १०.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट वर आहे. काक्षीसारख्या सुमारे ३,५०० केल्विनच्या लाल ताऱ्यात तेवढी ऊर्जा फारच थोड्या अणूंना मिळते, म्हणून रेषा फिकट. अभिजित किंवा व्याध यांसारख्या १०,००० केल्विनच्या आसपासच्या ताऱ्यांत ती पुरेशा अणूंना मिळते, म्हणून रेषा ठळक. त्याहून खूप उष्ण ताऱ्यांत हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉनच निघून जातो, मग रेषा पुन्हा फिकट. हेलियमच्या पायऱ्या फार उंच, म्हणून त्याच्या रेषा मृग नक्षत्राच्या पट्ट्यातील निळसर ताऱ्यांसारख्या अतिउष्ण ताऱ्यांतच दिसतात. अशा रीतीने वर्णपट हा ताऱ्याचा तापमापक झाला.

साहांच्या समीकरणाने पुढे आणखी एक मोठा शोध घडवला. १९२५ साली हार्वर्डमध्ये सिसिलिया पेन या तरुण संशोधिकेने ते वापरून ताऱ्यांतील मूलद्रव्यांचे प्रमाण काढले. तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत, असे तिच्या हिशेबातून आले. त्या वेळच्या मोठ्या शास्त्रज्ञांना ते पटले नाही. रसेल यांच्या आग्रहामुळे तिला प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. काही वर्षांत रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला पोहोचले. कोलकात्यातील एका दुकानदाराच्या मुलाचे समीकरण आणि हार्वर्डमधील एका तरुणीचा हिशेब, यांतून विश्व कशाचे बनले आहे ते माणसाला कळले.

साहांनी हा सिद्धांत समाजाला उद्देशून मांडला नव्हता, आणि भौतिकशास्त्राचा नियम उचलून माणसांना लावू नये. पण ज्यांना जन्मावरून माणसांची प्रत ठरवायची सवय आहे, त्यांच्या देशात हा शोध लागला, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वेगळे दिसणारे तारे जवळजवळ त्याच द्रव्याचे निघाले, फरक परिस्थितीचा होता.

कवचांपासून ऑर्बिटल्सपर्यंत

साहांनी समीकरण मांडले तेव्हा अणूचे चित्र अपुरे होते. पुढच्या सहा वर्षांत ते पालटले. १९२५ साली पाउली यांचा नियम आला. कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनची अवस्था अगदी एकसारखी असू शकत नाही, म्हणून एका ऑर्बिटलमध्ये दोनच इलेक्ट्रॉन मावतात आणि त्यांची फिरकी परस्परविरुद्ध असते. १९२६ साली श्रोडिंगर यांचे समीकरण आले. इलेक्ट्रॉन ग्रहासारखा ठरलेल्या मार्गावर फिरतो हे चित्र मागे पडले. तो कुठे सापडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते, आणि त्या शक्यतेच्या ढगाला ऑर्बिटल म्हणतात. एस प्रकारचे ऑर्बिटल एक, पी प्रकारची तीन, डी प्रकारची पाच, एफ प्रकारची सात. प्रत्येकात दोन याप्रमाणे २, ६, १० आणि १४ इलेक्ट्रॉन.

विद्यार्थी नेहमी अडतात तो प्रश्न इथे सुटतो. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात, तर पोटॅशियमचा एकोणिसावा इलेक्ट्रॉन ८ झाल्यावरच चौथ्या कवचात का जातो? कारण भरण्याचा क्रम कवचाच्या क्रमांकावर ठरत नाही, ऊर्जेवर ठरतो. पोटॅशियममध्ये ४-एसची ऊर्जा ३-डीपेक्षा कमी आहे. म्हणून पोटॅशियम आणि कॅल्शियम ४-एस भरतात, ३-डी भरायला स्कँडियमपासून सुरुवात होते आणि जस्तापर्यंत ते पूर्ण होते.

१९२३ साली साहा अलाहाबाद विद्यापीठात गेले आणि तिथे पंधरा वर्षे राहिले. हा नवा अणुविचार भारतीय विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचवण्याचे मोठे काम त्यांनी तिथे केले. बी. एन. श्रीवास्तव यांच्यासोबत उष्णतेवरील आणि एन. के. साहा यांच्यासोबत आधुनिक भौतिकशास्त्रावरील ग्रंथ त्यांनी लिहिले. अनेक पिढ्या त्यांवर शिकल्या. दौलतसिंह कोठारी हे त्यांचे विद्यार्थी, जे पुढे १९६४च्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष झाले. १९२७ साली साहा रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९३४ साली मुंबईला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसचे ते अध्यक्ष होते.

वेदात सगळे आहे का?

ढाक्याच्या एका वकिलाला साहांनी एकदा आपल्या शोधाबद्दल सांगितले. वकिलाचे म्हणणे पडले की यात नवीन काही नाही, हे सगळे वेदात आहे. वेदाच्या कोणत्या भागात, असे साहांनी विचारले. वकिलाने वेद वाचलेलेच नव्हते. हा प्रसंग साहांनी पुढे लिहिला.

१९३८ साली त्यांनी शांतिनिकेतनात भाषण दिले. जुन्या समाजरचनेत हाताने काम करणाऱ्याला खालचे स्थान मिळाले, डोके आणि हात यांची फारकत झाली, त्यामुळे देश मागे पडला, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यावर भारतवर्ष या बंगाली मासिकात मोठा वाद झाला. साहांनी अभ्यास करून उत्तरे दिली. आपण वर्षानुवर्षे वेद आणि इतर जुने ग्रंथ तपासले, त्यांत आधुनिक विज्ञान कुठेही सापडले नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. आर्यभट किंवा भास्कराचार्यांचे खरे काम त्यांनी कधी नाकारले नाही. पुरावा असेल तेवढे मान्य, त्यापुढचे अमान्य, एवढीच त्यांची भूमिका होती. कोणाचेही वचन तपासून घ्यावे, ही कालामांना दिलेली शिकवण मानणाऱ्यांना ही भूमिका परकी वाटणार नाही.

नदी, दिनदर्शिका आणि संसद

साहांचे बालपण पुराच्या प्रदेशात गेले होते. नद्यांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे नियोजन करावे, असे त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले. त्यासाठी १९३५ साली सायन्स अँड कल्चर हे मासिक सुरू केले. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी राष्ट्रीय नियोजन समिती नेमली, त्यात साहांचा पुढाकार होता. १९४३ साली दामोदर नदीला विनाशकारी पूर आला. त्याच्या चौकशी समितीवर साहा होते आणि संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विकास करावा ही त्यांची मांडणी होती.

आपल्या वाचकांना पुढचा दुवा माहीत असेल. त्या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते बाबासाहेब, आणि पाटबंधारे व वीज त्यांच्याच खात्याकडे होते. जानेवारी १९४५ मध्ये दामोदर योजनेसाठी कोलकात्यात झालेल्या परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनीच भूषवले. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले. एकाने शास्त्रज्ञ म्हणून आणि दुसऱ्याने मंत्री म्हणून एकाच नदीसाठी काम केले.

१९३८ साली कोलकात्याला परतल्यावर साहांनी अणुकेंद्रक भौतिकशास्त्राच्या संशोधनाचा पाया घातला. त्यांच्या संस्थेचे उद्घाटन जानेवारी १९५० मध्ये इरेन जोलिओ-क्यूरी यांनी केले. आज ती त्यांच्याच नावाने चालते. अणुऊर्जेचे संशोधन कसे चालवावे याबद्दल त्यांचे सरकारशी मतभेद होते आणि ते त्यांनी उघड मांडले. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी ते झटले. १९५२ साली कोलकात्यातून अपक्ष म्हणून निवडून येऊन ते लोकसभेत गेले. त्याच वर्षी बाबासाहेब राज्यसभेत गेले.

देशात त्या वेळी सुमारे तीस वेगवेगळी पंचांगे चालत होती. त्यांना शास्त्रीय आधार देण्यासाठी १९५२ साली नेमलेल्या दिनदर्शिका सुधारणा समितीचे अध्यक्ष साहा होते. समितीच्या शिफारशीनुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सरकारी राजपत्रावर आजही ती शक तारीख छापलेली असते. ते पाहायला साहा नव्हते. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे चालत जात असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला. तेव्हा ते ६२ वर्षांचे होते.

दोन रुपयांची गोष्ट

साहांचे चरित्र वाचताना मला वैश्य समितीचे ते दोन रुपये पुन्हा पुन्हा आठवतात. सरकारी शिष्यवृत्ती एका आंदोलनात गेली. भावाचे पाच रुपये आणि समाजाच्या संस्थेचे दोन रुपये मात्र महत्त्वाच्या वर्षांत आधार ठरले. बुद्धी त्या मुलात होती, पण डॉ. दासांचे घर, जयनाथांचा पगार आणि ती समिती नसती तर मेघनाद दुकानाच्या गल्ल्यावर बसले असते. अणूतील इलेक्ट्रॉन वर चढायला बाहेरून ऊर्जा लागते, तसेच हे.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय त्यांनी उभे केले. ही परंपरा आपली आहे. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग विज्ञान शिकणाऱ्या एका मुलीच्या किंवा मुलाच्या फीसाठी बाजूला काढणे कोणत्याही मंडळाला जमण्यासारखे आहे. विहारात आठवड्यातून एक संध्याकाळ भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवायला अभियांत्रिकीची मुले सहज तयार होतील. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर न आल्याने कोणाचे वर्ष वाया जात असेल, तर निवेदन देण्याबरोबरच तोपर्यंतची व्यवस्थाही आपण केली पाहिजे.

विज्ञान शाखेतील तरुणांना एक सांगणे. इलेक्ट्रॉनची मांडणी पाठ कराल तेव्हा ती कशासाठी आहे ते विसरू नका. रात्री गच्चीवर जाऊन मृग नक्षत्र पाहा. त्यातील काक्षीचा तांबूस रंग आणि पट्ट्यातील ताऱ्यांचा निळसर रंग यांतला फरक डोळ्यांना दिसतो. तो फरक अणूच्या आतील इलेक्ट्रॉनशी जोडून दाखवणारा माणूस ज्या वसतिगृहात राहिला, तिथे त्याच्यासोबत जेवायला काही जण तयार नव्हते. तरी तो शिकत राहिला, आणि शिकलेले त्याने देशाच्या नद्यांसाठी, निर्वासितांसाठी आणि पुढच्या विद्यार्थ्यांसाठी वापरले.

डॉ. मेघनाद साहा यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.